ए/बी टेस्टिंग म्हणजे काय? वेबसाइटची स्प्लिट टेस्ट कशी करायची आणि कधी करायची नाही

तुमच्या आणि तुमच्या मित्राच्या फोनमध्ये एकच ॲप आहे, व्हर्जनही तेच आहे. तरी त्याच्याकडे एक बटण खाली दिसतं आणि तुमच्याकडे वर. असं का होतं? बऱ्याचदा याचं कारण असतं ए/बी टेस्ट, म्हणजेच स्प्लिट टेस्ट. कंपनी लोकांचे दोन गट करते, दोघांना वेगवेगळं डिझाइन दाखवते आणि कुठलं जास्त चालतं ते मोजते.

हीच पद्धत कोल्हापुरातून ऑनलाइन चपला, गूळ किंवा मसाला विकणारा छोटा दुकानदारही वापरू शकतो. पण त्यात एक मेख आहे. टेस्ट चुकीची केली तर ती काहीच न करण्यापेक्षा वाईट ठरते, कारण मग आपण चुकीचा निर्णय "आकडेच सांगतायत" म्हणून ठामपणे घेतो. म्हणून या लेखात टेस्ट कशी करायची याबरोबरच ती कधी करायची नाही, हेही पाहूया.

## ए/बी टेस्ट म्हणजे नेमकं काय?

समजा, चप्पल लाईनमधल्या एका दुकानाची वेबसाइट आहे. चपलेच्या पानावर सध्या पहिला फोटो नुसत्या जोडाचा आहे. मालकाच्या मुलीला वाटतं, पायात घातलेल्या चपलेचा फोटो आधी दाखवला तर ऑर्डर वाढतील. मालकाला तसं वाटत नाही. वाद घालत बसण्यापेक्षा दोन पानं बनवायची:

- ए पान: आहे तसंच, नुसत्या जोडाचा फोटो.
- बी पान: पायात घातलेल्या चपलेचा फोटो. बाकी सगळं तेच.

वेबसाइटवर येणाऱ्या निम्म्या लोकांना ए दाखवायचं, निम्म्यांना बी. कोणाला काय दिसणार हे नाणेफेकीसारखं ठरतं. शेवटी दोन्ही गटांत दर १०० लोकांमागे किती ऑर्डर आल्या ते बघायचं. याच आकड्याला कन्व्हर्जन रेट म्हणतात. १०० जण आले आणि २ जणांनी ऑर्डर दिली, तर कन्व्हर्जन रेट २ टक्के.

## मग आधी-नंतर तुलना का नाही करायची?

"मागच्या महिन्यात ए ठेवलं, या महिन्यात बी ठेवलं, बघू काय फरक पडतो." हे सोपं वाटतं, पण फसतं.

जून २०२५ आठवा. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. त्यावरून गदारोळ झाला, बातम्या आणि रील्स सगळीकडे कोल्हापुरीचीच चर्चा होती. आता समजा एखाद्या विक्रेत्याने नेमकं त्याच आठवड्यात वेबसाइटवरच्या बटणाचा रंग बदलला आणि ऑर्डर वाढल्या. श्रेय कोणाला द्यायचं, बटणाला की प्राडाला? आधी-नंतर तुलनेत याचं उत्तर मिळूच शकत नाही.

नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला येणारी गर्दी, दिवाळी, लग्नसराई, पगाराचा आठवडा, पावसाळा. प्रत्येक गोष्ट विक्री वरखाली करते. ए आणि बी एकाच वेळी चालू असतील तर प्राडाचा परिणाम दोन्ही गटांवर सारखाच होतो. मग उरलेला फरक बदलाचा असण्याची शक्यता जास्त.

## हा नियम उसाच्या रानात आधीपासून आहे

ही कल्पना इंटरनेटवाल्यांनी काढलेली नाही, ती शेतीतून आली आहे. इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात शेतातल्या प्रयोगांची शिस्त बसवली. त्यांचं 'द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स' हे पुस्तक १९३५ साली आलं.

आपल्याकडेही याचा मोठा वारसा आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी १९५४ साली शेती संशोधकांसाठी संख्याशास्त्राचं पुस्तक लिहिलं. 'पानसे-सुखात्मे' म्हणून ते कृषी महाविद्यालयांत पिढ्यानपिढ्या वापरलं गेलं. पीक विम्यासाठी गावात होणारा पीक कापणी प्रयोग तुम्ही पाहिला असेल. त्यात चांगलं दिसणारं शेत बघून निवडत नाहीत, रँडम पद्धतीने निवडतात. भारतात ही पद्धत बसवण्यातही या दोघांचा वाटा मोठा आहे.

आता को ८६०३२ आणि फुले २६५ या उसाच्या दोन जातींची तुलना करायची आहे असं समजा. एक जात करवीरच्या काळ्या कसदार रानात लावली आणि दुसरी शिरोळच्या क्षारपड जमिनीत, तर ती तुलना जातींची झाली का? नाही, ती जमिनीची झाली. एक आडसाली आणि दुसरी सुरू हंगामात लावली, तर तुलना हंगामाची झाली. बरोबर पद्धत अशी: एकाच रानात पट्टे पाडायचे, कुठल्या पट्ट्यात कुठली जात हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, एकाच हंगामात लावायचं आणि खत-पाणी सारखं द्यायचं.

वेबसाइटवर "जमीन" म्हणजे येणारे लोक आणि "हंगाम" म्हणजे वेळ. इन्स्टाग्रामवरून आलेल्यांना बी आणि गुगलवरून आलेल्यांना ए दाखवलं, तर ते एक जात कसदार रानात आणि दुसरी क्षारपडीत लावण्यासारखंच झालं.

## पडद्यामागे हे कसं चालतं?

तुम्ही पान उघडलं की टेस्टचं टूल तुम्हाला रँडम पद्धतीने ए किंवा बी गटात टाकतं आणि ब्राउझरमध्ये एक छोटी कुकी ठेवते. तुम्ही उद्या परत आलात तर त्या कुकीवरून तुम्हाला तेच पान दिसतं. हे गरजेचं आहे, नाहीतर माणूस सकाळी ए आणि रात्री बी बघेल, आणि ऑर्डर कोणाच्या खात्यात टाकायची हेच कळणार नाही.

इथे मोबाइलवाल्यांसाठी एक अडचण आहे. इन्स्टाग्रामच्या आत उघडलेलं पान आणि तेच पान क्रोममध्ये उघडलं, तर दोन्हीकडच्या कुकी वेगळ्या. एकच माणूस दोन माणसं म्हणून मोजला जाऊ शकतो. लॉगिन असलेल्या साइटवर कुकीऐवजी अकाउंटवरून गट ठरवतात, तिथे हा त्रास कमी होतो.

आणखी एक तपासणी नक्की करा. ५०-५० वाटणी ठेवली असेल तर दोन्ही गटांत जवळपास सारखी माणसं यायला हवीत. २,००० पैकी एकीकडे १,२०० आणि दुसरीकडे ८०० निघाले, तर निकाल बघूच नका. वाटणीतच बिघाड आहे, आधी तो शोधा.

## मोजायचं काय?

टेस्ट सुरू करण्याच्या आधी एक मुख्य आकडा ठरवा. नंतर ठरवलं तर दहा आकड्यांपैकी एखादा कुठलातरी बी च्या बाजूने असतोच, आणि आपण तोच दाखवत फिरतो.

चपलेच्या दुकानात नुसते क्लिक मोजून उपयोग नाही. नुसत्या ऑर्डर मोजूनही भागत नाही, कारण माप चुकल्यामुळे परत येणारे जोड आणि कॅश ऑन डिलिव्हरीत दारातून परत जाणारी पार्सलं खरा तोटा करतात. म्हणून:

- मुख्य आकडा: पोचलेल्या आणि परत न आलेल्या ऑर्डर.
- राखणदार आकडे: पान उघडायला लागणारा वेळ, परत आलेला माल, तक्रारीचे फोन. हे बिघडले तर बी जिंकूनही हरलं असं धरायचं.

वेग हा राखणदार विसरू नका. गुगलने फेब्रुवारी २००० मध्ये एक टेस्ट घेतली होती: सर्चच्या एका पानावर १० ऐवजी २०, २५ किंवा ३० निकाल दाखवले तर? तांत्रिक बिघाडामुळे जास्त निकालांची पानं हळू उघडली आणि टेस्ट फसली. पण थोड्याशा उशिरानेही लोक निघून जातात, हे त्यातून कळलं. तुमच्या बी पानात ४ एमबीचा फोटो टाकला आणि ते हरलं, तर फोटो वाईट होता की जड होता? दोन्ही फोटोंची साइझ सारखी ठेवा, म्हणजे हा प्रश्नच येणार नाही.

## किती लोक लागतात?

सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. ए पानावर १०० जण आले, २ ऑर्डर. बी पानावर १०० जण आले, ४ ऑर्डर. "डबल विक्री!" असं म्हणून बी कायम करायचं का?

थांबा. दोन्ही पानं अगदी एकसारखी असती आणि दोघांचा खरा कन्व्हर्जन रेट ३ टक्के असता, तरी दोन किंवा जास्त ऑर्डरचा फरक साधारण दर दोन वेळांपैकी एकदा नुसत्या नशिबाने पडला असता. म्हणजे २ विरुद्ध ४ यातून काहीच कळत नाही.

मग किती लोक हवेत? ते तुम्हाला किती लहान फरक पकडायचा आहे यावर ठरतं. आज कन्व्हर्जन रेट २ टक्के आहे आणि रोज एकूण २०० लोक येतात असं धरून हा ढोबळ हिशेब:

| बी मुळे रेट किती होईल | प्रत्येक गटात लोक | लागणारे दिवस |
|---|---|---|
| ४ टक्के | सुमारे १,२०० | १२ |
| ३ टक्के | सुमारे ३,९०० | ३९ |
| २.५ टक्के | सुमारे १४,००० | १४० |
| २.२ टक्के | सुमारे ८२,००० | दोन वर्षांहून जास्त |

हा हिशेब नेहमीच्या मापाने केला आहे: खरोखर फरक असेल तर तो ८० टक्के वेळा सापडावा, आणि फरक नसताना "आहे" असं ५ टक्क्यांहून जास्त वेळा म्हटलं जाऊ नये.

टेबल नीट बघा. फरक निम्मा झाला की लोक साधारण चौपट लागतात. म्हणून रोज कोट्यवधी लोक येणाऱ्या कंपनीला निळ्या रंगाच्या छटा तपासणं परवडतं. रोज २०० लोक येणाऱ्या दुकानाला नाही.

## रोज डोकावू नका

टेस्ट सुरू झाली की दर तासाला निकाल बघायची इच्छा होते. बघायला हरकत नाही, पण बी पुढे दिसलं की लगेच टेस्ट थांबवणं ही मोठी चूक. क्रिकेटमध्ये पाचव्या ओव्हरला आपली टीम पुढे आहे म्हणून मॅच थांबवली तर चालेल का?

टेस्ट चालू असताना १० वेळा निकाल तपासला आणि पहिल्यांदा "जिंकलं" दिसताच थांबलात, तर खोट्या विजयाची शक्यता ५ टक्क्यांवरून सुमारे १९ टक्क्यांवर जाते. म्हणून लोकांची संख्या आधी ठरवा आणि तिथपर्यंत थांबा. काही टूल्स मध्ये-मध्ये बघता येईल असा वेगळा हिशेब वापरतात. तसं असेल तर ते टूलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं.

टेस्ट नेहमी पूर्ण आठवड्यांत चालवा. १२ दिवस पुरत असले तरी १४ करा. रविवारचा ग्राहक आणि मंगळवारचा ग्राहक सारखा नसतो.

## मोठ्यांचे अंदाजही चुकतात

ओबामांचं पान. अमेरिकेच्या २००८ च्या निवडणुकीआधी बराक ओबामांच्या वेबसाइटवर ४ बटणं आणि ६ फोटो-व्हिडिओ, अशा २४ जोड्या तपासल्या गेल्या. एकूण ३,१०,३८२ लोकांनी ती पानं पाहिली. टीमला व्हिडिओ जिंकेल असं वाटत होतं. प्रत्यक्षात सगळे व्हिडिओ फोटोंपेक्षा मागे पडले. कुटुंबाचा फोटो आणि "अधिक जाणून घ्या" या अर्थाचं बटण जिंकलं. नाव नोंदवणाऱ्यांचं प्रमाण ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर गेलं.

बिंगची हेडलाइन. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बिंगमध्ये जाहिरातीचं शीर्षक दाखवण्याची एक छोटी कल्पना सहा महिन्यांहून जास्त काळ बाजूला पडून होती. शेवटी एका इंजिनिअरने टेस्ट लावली. उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे एकट्या अमेरिकेत वर्षाला १० कोटी डॉलरहून जास्त.

अशा गोष्टी वाचून प्रत्येक टेस्ट जॅकपॉट असते असं वाटेल. तसं नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये साधारण एक तृतीयांश कल्पनाच उपयोगी ठरल्या, एक तृतीयांशांनी काही फरक पडला नाही आणि उरलेल्यांनी नुकसान केलं. नुकसान करणारा बदल सगळ्यांपर्यंत पोचायच्या आधी पकडला जातो, हाही टेस्टचा मोठा फायदा.

## टेस्ट करायची तर या क्रमाने करा

१. अडचण शोधा. लोक कुठे सोडून जातात? पिनकोडवर, मापावर की डिलिव्हरी चार्ज दिसल्यावर?
२. एका वाक्यात अंदाज लिहा. "पाय सेंटिमीटरमध्ये कसा मोजायचा याचं चित्र टाकलं तर परत येणारे जोड कमी होतील, कारण लोक मापाचा नंबर अंदाजाने निवडतात."
३. एकच बदल करा. फोटो, भाव आणि बटण एकदम बदललं तर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही.
४. मुख्य आकडा, लोकांची संख्या आणि शेवटची तारीख आधीच लिहून ठेवा.
५. दोन्ही पानं साध्या फोनवर, मोबाइल डेटावर उघडून बघा. निम्म्या टेस्ट इथेच वाचतात.
६. पूर्ण होईपर्यंत हात लावू नका. मध्येच सेल लावू नका.
७. निकाल लिहून ठेवा, हरलेल्या टेस्टचाही. नाहीतर वर्षाने तीच टेस्ट परत होते.

## येणारे लोकच कमी असतील तर?

वरच्या टेबलप्रमाणे १४० दिवस लागणार असतील, तर ए/बी टेस्ट करू नका. हे हार मानणं नाही, वेळ आणि पैसा वाचवणं आहे. त्याऐवजी:

- पाच जणांना फोन द्या आणि गप्प बसा. "यावरून आठ नंबरचा जोड मागवून दाखव" एवढंच सांगा. ते कुठे अडतात ते बघा. मोठ्या अडचणी अशाच दिसतात.
- फोटो हलके करा. पान लवकर उघडावं यासाठी टेस्टची गरज नाही, ते सरळ करून टाका.
- व्हॉट्सॲपवरचे प्रश्न वाचा. दहा जण "कॅश ऑन डिलिव्हरी आहे का?" विचारत असतील, तर उत्तर पानावर वरच लिहा.
- टेस्ट करायचीच असेल तर मोठ्या बदलाची करा. बटणाच्या रंगापेक्षा संपूर्ण पान मराठीत ठेवणं, किंवा डिलिव्हरी चार्ज भावातच धरणं, असा बदल मोठा फरक पाडू शकतो आणि तो कमी लोकांतही दिसतो.

## कुठली टूल्स वापरायची?

यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून "गुगल ऑप्टिमाइझ" शोधत बसू नका. ते मोफत टूल ३० सप्टेंबर २०२३ ला बंद झालं. सध्याचे काही पर्याय:

- व्हीडब्ल्यूओ: दिल्लीच्या विंगिफाय कंपनीने बनवलेलं, जगभर वापरलं जाणारं टूल.
- ग्रोथबुक: ओपन सोर्स. कोडिंग येत असेल तर चांगलं.
- मेटा ॲड्स मॅनेजर: फेसबुक-इन्स्टाग्रामच्या दोन जाहिरातींची ए/बी टेस्ट यातच करता येते.
- यूट्यूब स्टुडिओ: "टेस्ट अँड कंपेअर" मध्ये एका व्हिडिओसाठी तीनपर्यंत थंबनेल तपासता येतात. इथे विजेता क्लिकवर ठरत नाही, लोक किती वेळ बघतात यावर ठरतो. खोटं थंबनेल लावून क्लिक मिळवणाऱ्याला याचा फायदा होत नाही.
- गुगल प्ले कन्सोल: ॲप बनवलं असेल तर आयकॉन आणि स्क्रीनशॉटची टेस्ट इथे होते.

## प्रयोग तुमच्यावरही चालू आहेत

जानेवारी २०१२ मध्ये एक आठवडाभर फेसबुकने ६,८९,००३ लोकांच्या न्यूज फीडमध्ये आनंदी किंवा दुःखी पोस्ट कमी करून बघितल्या. त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या पोस्ट बदलतात का, हे तपासायचं होतं. २०१४ मध्ये हा अभ्यास छापून आला आणि मोठा वाद झाला, कारण त्या लोकांना काही विचारलंच नव्हतं. फरक सापडला, पण अगदी बारीक.

मुद्दा असा की टेस्ट फक्त "काय चालतं" ते सांगते, "काय योग्य" ते सांगत नाही. पानावर "फक्त २ जोड शिल्लक!" असं खोटं लिहिलं तर बी जिंकेलही. पण भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला १३ प्रकारच्या 'डार्क पॅटर्न'वर बंदी घातली आहे. खोटी घाई लावणं, न विचारता कार्टमध्ये वस्तू टाकणं, शेवटच्या पायरीवर भाव वाढवणं हे सगळं त्यात येतं. टेस्ट जिंकली म्हणून यातलं काही चालणार नाही. आणि तुम्हाला कुठे असं दिसलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

टेस्टमुळे गुगल सर्चमध्ये साइट खाली जाईल का?
नीट केली तर नाही. बी पानाची लिंक वेगळी असेल तर त्यावर मूळ पानाचा कॅनॉनिकल टॅग लावा, ३०१ ऐवजी ३०२ रीडायरेक्ट वापरा, गुगलच्या बॉटला वेगळं आणि लोकांना वेगळं असं दाखवू नका, आणि टेस्ट संपली की काढून टाका.

एकाच वेळी ए, बी, सी, डी चालेल का?
चालेल, पण प्रत्येक गटाला तेवढीच माणसं लागतात. चार गट म्हणजे दोन गटांच्या दुप्पट लोक.

"फरक सापडला नाही" म्हणजे टेस्ट फुकट गेली का?
नाही. तेवढा मोठा फरक बहुधा नाही, हे कळलं. मग दोन्हींतलं जे सोपं, स्वस्त आणि हलकं असेल ते ठेवा.

मित्राच्या फोनवर नवीन फीचर आहे, माझ्याकडे नाही. ही ए/बी टेस्टच का?
असेल किंवा नसेल. बऱ्याचदा कंपनी नवीन फीचर आधी थोड्या लोकांना देते आणि सगळं ठीक चाललं की हळूहळू सगळ्यांना. बिघाड आवरता यावा म्हणून ते तसं करतात. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.